मी सांभाळलेला उजवा हात

मी एक जुना वादक आहे, मित्रांनो. पण मला स्वतःचा आवाज नाही.

मला पाहून तुम्ही आधी हसाल. शाळेच्या दप्तरात मावेल एवढा मी एक काळा, चपटा डबा. अंगावर राखाडी बटणं आहेत, त्यांतली तीन एकदा दबली की नखाने वर काढावी लागतात. वरच्या बाजूला दोन ओळींचा हिरवट पडदा, समोर फ्लॉपी आत घ्यायची फट आणि पाठीला पाच-पाच छिद्रांच्या गोल खोबण्या. त्या खोबण्यांत केबल घालून मला कीबोर्डला जोडतात. या जोडणीला मिडी म्हणतात आणि मला म्हणतात सिक्वेन्सर. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. कुणी कीबोर्ड वाजवायला लागलं की मी टिपून घेतो, कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरानं दाबली आणि बोट केव्हा उचललं. टेपरेकॉर्डर आवाज साठवतो. मी फक्त बोटांचा स्पर्श साठवतो. पुढे कधीही माझं बटण दाबलं की मी तो सगळा स्पर्श कीबोर्डला सांगतो, आणि कीबोर्ड बोटांवाचून तसाच वाजू लागतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी शेवटची तपासणी केली. त्यांनी मला सात सूर दिले, मी सात सूर परत केले. त्या मान हलवून हसल्या आणि मला खोक्यात ठेवलं. तिथून बोटीने मुंबई, मग आगगाडीने नागपूर. नागपूरच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात मी चार वर्षं होतो. त्यांनी नवं मशीन घेतलं तेव्हा मी चंद्रभानच्या हाती आलो.

चंद्रभान तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावचा. बोर धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरीला, म्हणजे शेताशेताला पाटाचं पाणी सोडायचं हे त्याचं काम. पण गावात त्याची ओळख वेगळी होती. विहारात, लग्नात, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कीबोर्ड वाजवणारा तो चंद्रभान. त्याची स्वतःची एक संगीत पार्टी होती, तिचं नाव 'बोरतरंग'. त्याची बायको पौर्णिमा गायची. आणि ढोलक वाजवायचे अण्णाजी. अण्णाजी गावातलेच शेतकरी, चंद्रभानपेक्षा बारा वर्षांनी मोठे. चंद्रभान दहा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा ठेका शिकवला तो त्यांनीच, पाण्याची घागर उपडी घालून.

नागपूरहून चंद्रभानने मला एसटीत मांडीवर घेऊन आणलं. दुपट्ट्यात गुंडाळलं होतं, तरी दर खड्ड्याला तो माझ्यावर हात ठेवायचा. घरी आल्यावर अडचण अशी झाली की माझं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. पौर्णिमा बारावी झालेली होती. तिने शब्दकोश घेतला, दोनशे पानांची वही घेतली, आणि तीन महिने दुपारची कामं आटोपली की माझं एकेक बटण मराठीत उतरवून काढलं. 'भरणे', 'पुसणे', 'मागे जाणे', 'थांबल्या जागेवरून पुढे चालू'. चुकलं की ती स्वतःवरच हसायची आणि खोडरबराने खोडायची. माझ्यावर इतकं लक्ष याआधी कुणी दिलं नव्हतं.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरात वाजलो, त्या दिवशी अण्णाजी आले होते.

"हे का आणलं बे, चंद्रभान? टिफिन का?" त्यांनी विचारलं.

"मशीन हाये, अण्णाजी. मी वाजवलेलं ध्यानात ठेवते."

"मंग तू कायले वाजवशीन? घरीच झोपून राह्यजो!"

सगळे हसले, अण्णाजी सगळ्यांत जास्त. मग चंद्रभानने कीबोर्डातल्या ढोलकाचा ठेका माझ्यात भरला आणि मला चालू केलं. अण्णाजींचा तळहात आपोआप गुडघ्यावर पडू लागला. थोडा वेळ तो माझ्याबरोबर चालला. मग थांबला.

"चुकत नाई हा," ते म्हणाले. पुन्हा हळू म्हणाले, "चुकतच नाई."

मित्रांनो, तेव्हा मला ती शाबासकी वाटली.

त्यानंतरचे कार्यक्रम हळूहळू बदलत गेले. अण्णाजींची तूर काढणीला आलेली असली की ते येऊ शकत नसत, तेव्हा ढोलक मी वाजवायचो. कधी त्यांना उशीर व्हायचा, तेव्हाही मीच. मला चहा लागत नव्हता, पान लागत नव्हतं, मी दमतही नव्हतो. चंद्रभान पौर्णिमाला म्हणायचा, "याच्यानं किती सोपं होऊन राह्यलं." ती वही मिटून कामाला लागायची.

मग एके दिवशी कारंज्याला कार्यक्रम होता. भाड्याची जीप दारात उभी होती. मागच्या सीटवर चंद्रभानने उशी ठेवली, उशीवर मला ठेवलं, बाजूला कीबोर्ड आडवा केला. अण्णाजी खांद्याला ढोलक लावून, धुतलेला सदरा घालून आले.

चंद्रभान त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "अण्णाजी, आज जागा नाई होऊन राह्यली. पुढच्या बारीले चला."

अण्णाजींनी खिडकीतून आत पाहिलं. मी उशीवर बसलो होतो. "बरं," ते म्हणाले, आणि ढोलकाचा पट्टा सारखा करून वळले.

ती पुढची बारी कधी आलीच नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला वाईट बोललं नाही. अण्णाजी रस्त्यात भेटले की मान हलवायचे, पण चंद्रभानच्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

मला मात्र चांगले दिवस आले. दहा-अकरा वर्षं मी जिल्हाभर फिरलो. सेलू, पुलगाव, आर्वी, कुठे कुठे म्हणून सांगू. चौदा एप्रिलला तर एका दिवसात तीन-तीन गावं व्हायची. लोक मंचाजवळ येऊन विचारायचे, एवढी थोडी माणसं आणि एवढं वाजतं कसं? चंद्रभान माझ्याकडे बोट दाखवायचा. लहान मुलं माझ्या लुकलुकत्या दिव्यांकडे टक लावून पाहायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षांतली एक गोष्ट माझ्या मनात विशेष आहे. चंद्रभान-पौर्णिमाला मुलगी झाली, मेघा. ती तीन-चार महिन्यांची असेल. एका दुपारी तिला पाळण्यात टाकून चंद्रभान कीबोर्डशी बसला. कालव्याच्या कडेने चालता चालता त्याला एक चाल सुचली होती. ती कुठल्या कार्यक्रमासाठी नव्हती, तिला शब्दही नव्हते. त्याने नुसत्या उजव्या हाताने ती माझ्यात भरली. मध्येच मेघा रडली. त्याने वाजवणं थांबवून पायाने पाळण्याला झोका दिला, आणि ती गप्प झाल्यावर सोडलेल्या जागेपासून पुढे वाजवलं. मी तो थांबाही जसाच्या तसा ठेवला. पौर्णिमाने फ्लॉपीवर कागद चिकटवून लिहिलं, 'पाटाचं पाणी'.

पुढे काळ बदलला. कॉम्प्युटर आले, पेन ड्राइव्ह आले, गावोगावी डीजे आले. नखाएवढ्या तुकड्यात हजार गाणी मावू लागली. लोकांना आता वाजवणारी माणसंही नको होती आणि मीही नको होतो. 'बोरतरंग' बंद पडली. एका दिवाळीत पौर्णिमाने मला जुन्या सुती साडीत गुंडाळलं, सोबत माझ्या अकरा फ्लॉप्या आणि ती दोनशे पानी वही ठेवली, आणि चंद्रभानने मला माळ्यावर चढवलं. तिथे मी सतरा वर्षं होतो. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसाळ्यात दमट व्हायचं. एका पालीने माझ्या पाठीशी अंडी घातली. खालून कधीतरी कीबोर्डचा आवाज यायचा. चंद्रभान विहारासाठी वाजवत असायचा. मला तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात तो आवाजही बंद झाला.

एका सकाळी दात घासताना चंद्रभानच्या हातातला ब्रश खाली पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. लकवा मारला होता. मेघा आता मोठी झाली आहे, सावंगीच्या दवाखान्यात रक्ततपासणीच्या विभागात नोकरी करते. तिने घाईने गाडी बोलावली, वेळेत नेलं, म्हणून तो वाचला. महिन्याभराने तो काठी टेकत घरी आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला.

चंद्रभानने कीबोर्डवर चादर टाकली. दिवसभर तो अंगणाकडे पाठ करून बसायचा. जेवण वाढलं की डाव्या हाताने चार घास खायचा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायला तो तयार नव्हता. मेघा रोज संध्याकाळी ड्युटीवरून आली की विचारायची, "बाबा, आज हात हालवला का?" आणि तो म्हणायचा, "उद्या पाहू."

गोधड्या काढायला मेघा माळ्यावर चढली तेव्हा तिचा हात साडीच्या गाठोड्याला लागला. तिने गाठ सोडली. आधी तिला आईचं अक्षर दिसलं. ती तिथेच, माळ्यावर वाकून बसली आणि वही वाचू लागली. बराच वेळ वाचत होती. मग तिने मला ओढणीत गुंडाळून घेतलं आणि खाली उतरली.

पण मी चालू होईना. दुसऱ्याच दिवशी ती मला सेलूला कवडूभाऊंकडे घेऊन गेली. कवडूभाऊ म्हणजे रेडिओ, टीव्ही आणि शेतीपंपाचे स्टार्टर दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक. त्यांनी मला उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, याच्या आतला सेल फुटून पाझरला हाये. आन् फ्लॉपी फिरवाचा रबरी पट्टा पाह्य, पार डिंकासारखा झाला."

"होईन का, भाऊ?"

"पट्ट्याचं होईन, जुन्या टेपचा लावतो. मशीन चालन. पण या फ्लॉप्यांले बुरशी आली हाये. फिरवली आन् खरवडली, तं जे हाये तेबी जाईन."

मेघाने अकरा फ्लॉप्यांमधून एक काढली. तिच्यावर 'पाटाचं पाणी' लिहिलं होतं. "हीच पाह्यजे," ती म्हणाली. "बाकीच्या गेल्या तं जाऊ द्या."

"मंग आधी बाकीच्या लावून पाहू. हिले शेवटी," कवडूभाऊ म्हणाले. शहाणा माणूस! पहिल्या सात फ्लॉप्या करकरल्या आणि गेल्या. आठवीपासून त्यांनी युक्ती केली. फ्लॉपीचं कवच अलगद उघडून आतली चकती कापसाने, स्पिरिटने पुसली आणि मग लावली. आठवी अर्धी वाचली गेली, नववी आणि दहावी पूर्ण. मग त्यांनी ती अकरावी हातात घेतली. मेघा खुर्चीवरून उठून दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, पाठ करून. मित्रांनो, माझ्यात फ्लॉपी फिरू लागली तेव्हा मलाही भीती वाटली. एकदा अडखळलो. पुन्हा फिरवलं. आणि माझ्या पडद्यावर ते नाव उमटलं. कवडूभाऊंनी लगेच ती दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली, आणि मगच हाक मारली, "ये व बाई, आली तुही फ्लॉपी."

घरी आल्यावर मेघाने कीबोर्डवरची चादर काढली, केबल जोडली. चंद्रभान पाहत होता. तिने बटण दाबलं.

पट्ट्या कुणी न दाबता सूर निघू लागले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची दुपार मी बोटाबोटाने सांगत होतो. चंद्रभानने सूर ओळखले. त्याचा चेहरा आवळला.

"बंद कर," तो म्हणाला.

"बाबा, तुमीच वाजवलेलं हाये..."

"मले माईत हाये कोणं वाजवलं थे. मेलेल्या हाताचं आयकून का करू मी? बंद कर मनलं ना!"

मेघाचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात पौर्णिमा स्वयंपाकघरातून आली. हातात मेथीची जुडी होती. ती माझ्यासमोर खाली बसली, मांडीवर सूप घेतलं आणि मेथी निवडू लागली.

"तुमाले नसन आयकाचं तं नका आयकू," ती शांतपणे म्हणाली. "मले आयकाचं हाये. चालू राहू दे, मेघा."

मी चालू राहिलो. चंद्रभान भिंतीकडे तोंड करून बसला. चाल मध्यावर आली आणि थांबली. घरात एकदम शांत झालं. मेघाला वाटलं फ्लॉपी खराब झाली. ती घाबरून माझ्यावर वाकली. पण भिंतीकडून आवाज आला.

"बिघडलं नाई थे. इथी तू रडलती. मी झोका देऊन राह्यलो होतो."

मग सूर पुन्हा सुरू झाले. चंद्रभान वळला. तो रडत होता, पण वळून बसला होता.

त्यानंतर मेघाने वहीतलं एक पान काढलं. पौर्णिमाने तिथे लिहिलं होतं, 'एकेक सूर भरणे: घाई नको, मशीन थांबते'. माझी ही एक खास रीत आहे, मित्रांनो. या रीतीत तुम्ही एक सूर द्या, मी तो घेतो आणि थांबतो. दुसरा सूर पाच मिनिटांनी द्या, चालेल. नंतर वाजवताना मी सगळे सूर तालात ओवून देतो. चंद्रभानने डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. पहिल्या दिवशी एका ओळीला पाऊण तास लागला. ओळ भरून झाल्यावर मी ती वाजवून दाखवली, तेव्हा तो लाजल्यासारखा हसला. आठ दिवसांत एका बोटाची तीन बोटं झाली. त्याने मेघाला विचारलं, "थो व्यायाम कसा सांगतला होता डॉक्टरनं?"

मग त्याला एक इच्छा झाली. 'पाटाचं पाणी'मध्ये उजवा हात मी वाजवायचा आणि त्याच्या सोबतीने डावा हात त्याने प्रत्यक्ष वाजवायचा. बुद्धपौर्णिमेला विहारात. तो रोज बसू लागला. आणि रोज चुकू लागला. कारण एकेक सूर भरताना मी थांबतो, पण वाजवायला लागलो की थांबत नाही. माझी चाल घड्याळासारखी पुढे जाते. त्याचं बोट एका पट्टीवर अडखळलं की मी दोन पावलं पुढे गेलेलो असायचो. तालासाठी मेघाने सोबत लावलेला माझा ढोलकाचा ठेका तर आणखी निर्दय. चौथ्या दिवशी त्याने पट्ट्यांवर मूठ आपटली.

"हे थांबतच नाई माह्यासाठी!"

पौर्णिमा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "थांबणारा माणूस गावातच हाये. तुमीच त्याले गाडीत नाई घेतलं."

चंद्रभानने काठी घेतली आणि चपला घातल्या. मेघा सोबत निघाली तेव्हा तिला म्हणाला, "तू नको. माहा मी जातो."

अण्णाजींचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याला जायला यायला तास लागला असेल. मी कीबोर्डशेजारी वाट पाहत होतो. शेवटी अंगणात काठीचा आवाज आला, आणि त्याच्यामागून आणखी एका माणसाची पावलं. पायरीपाशी ती थांबली. मग वर चढली.

अण्णाजी आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. केस पिकलेत, पण पाठ ताठ आहे. ते माझ्यासमोर बसले.

"हाच ना थो?" त्यांनी विचारलं.

"हाव, हाच."

"जुना झाला बिचारा." त्यांनी माझ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

चंद्रभान उभाच होता. डाव्या हाताने त्याने काठी घट्ट धरली होती.

"अण्णाजी, कारंज्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी गाडीत जागा होती."

"मले माईत हाये."

"मी या डब्याले सीटवर बसवलं. तुमाले खोटं बोललो."

"अबे, मले दिसत होतं ना. खिडकीतून पाह्यलं नाई का मी?" अण्णाजी म्हणाले. मग म्हणाले, "लय दिवस राग होता मले. राग सरला, तरी पाय उचलत नव्हता. तू काऊन नाई आला इतके दिवस?"

"लाज वाटे."

"मंग आता?"

"आताबी वाटते," चंद्रभान म्हणाला.

अण्णाजी हसले. "बस खाली. पडशीन. पौर्णिमा, चाय ठेव व माय, आन् कोणाले तरी माह्या घरून ढोलक आणाले पाठव."

त्या दिवशी मेघाने माझ्या पडद्यावर ढोलकाची ओळ शोधली आणि ती बंद केली. एवढ्या वर्षांत माझा ठेका कुणी बंद केला नव्हता. मला वाईट वाटलं नाही. मोकळं वाटलं.

मग त्यांनी वाजवण्याची नवी पद्धत बसवली. एक ओळ मी वाजवायची, जुन्या उजव्या हाताची. ओळ संपली की मेघा मला थांबवणार. मग चंद्रभानने डाव्या हाताने उत्तर द्यायचं, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन. तोवर अण्णाजी ठेका धरून राहणार. तो अडखळला तर अण्णाजी आणखी एक आवर्तन फिरवायचे, दोन फिरवायचे, त्याच्या बोटांकडे पाहत. त्याचं बोट बरोबर पट्टीवर पोचलं की ते सम द्यायचे. असं वाटायचं, की समच त्याच्यासाठी थांबली होती. मग मेघा वहीत लिहिलेलं 'थांबल्या जागेवरून पुढे चालू' हे बटण दाबायची, आणि माझी पुढची ओळ निघायची.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागच्या बाजूला खिरीचं मोठं पातेलं. वंदना झाली. मग चंद्रभानला कीबोर्डशी बसवलं. कीबोर्डचा अडॅप्टर कधीच हरवला होता, तो सहा जाड सेलवर चालत होता. मला मात्र विजेचा बोर्ड दिला होता. अण्णाजी ढोलक मांडीखाली धरून बसले. पौर्णिमा पहिल्या रांगेत होती.

पहिली ओळ मी म्हटली. चंद्रभानने उत्तर दिलं. दुसरी ओळ मी म्हटली. त्याने उत्तर दिलं, जरा अडखळत, पण अण्णाजींनी सांभाळून घेतलं. लोकांना कळत होतं की इथे काय चाललं आहे. कुणी खोकतही नव्हतं. तिसरी ओळ माझी होती, सगळ्यांत सुंदर, वरच्या सप्तकात जाणारी. मेघाचं बोट बटणावर होतं.

तेवढ्यात बाहेर फट् असा आवाज झाला. गावाला वीज देणारी डीपी उडाली होती. पंखे थांबले, भोंगा बंद पडला, आणि माझे दिवे विझले. मेघाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी काहीच करू शकलो नाही.

लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "थांबा, येईन लाइट." मेघाने बाबांकडे पाहिलं. चंद्रभान माझ्या विझलेल्या पडद्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता तो उठेल. पुन्हा चादर पडेल.

पण अण्णाजींचा ठेका थांबला नव्हता. हळू, एका हाताने, ते आवर्तनामागून आवर्तन फिरवत होते. "येजो आरामानं," ते इतकंच म्हणाले. "मी हाये."

चंद्रभानने डावा हात उचलला. आजवर तो हात कीबोर्डच्या खालच्या भागातच फिरला होता. वरचा भाग उजव्या हाताचा. तो हात आता अंगावरून पलीकडे गेला, वरच्या पट्ट्यांवर पोचला आणि माझी ओळ वाजवू लागला. मोजून मापून नाही. एक सूर चुकला, तो परत घेतला. एका ठिकाणी इतका वेळ थांबला की अण्णाजींनी तीन आवर्तनं फिरवली. भोंगा नव्हता, म्हणून मागचे लोक उठून पुढे सरकले, कीबोर्डला खेटून बसले. त्या बारीकशा आवाजात चंद्रभान सगळी चाल वाजवून गेला, माझी ओळही आणि त्याची ओळही.

मी तिथे, दिवे नसलेला, शेजारी पडून होतो. अठ्ठावीस वर्षं मी तो उजवा हात सांभाळला होता. त्या सकाळी मला कळलं की आता तो मी एकट्यानेच सांभाळायची गरज उरली नाही.

वीज दुपारी आली. तोवर खीर संपली होती.

मित्रांनो, माझं आयुष्य मी तुम्हाला सांगितलं. आता एक मागणं आहे. तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली कुठेतरी आमच्यातलं कुणी असेल. आम्हाला ओलीत ठेवू नका. आत सेल असतील तर काढून ठेवा, ते पाझरतात. आम्ही कसं चालतो ते ज्याला माहीत आहे, त्याच्याकडून एकदा कागदावर लिहून घ्या. वर्षातून एखाद्या दिवशी आम्हाला खाली काढा, पुसा, चालू करा. आणि त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही जवळ बोलवा. बटण दाबून लगेच निघून मात्र जाऊ नका. थोडा वेळ बसा. आम्हाला सुरू व्हायला जरा वेळ लागतो.